प्रयोगशाळेच्या किल्ल्या : विज्ञान विभागाचे नवे प्रमुखपद आणि त्यामागील जबाबदारी

महाराष्ट्रातील संलग्न पदवी महाविद्यालयांत विज्ञानाच्या एखाद्या विषयाचे प्रमुखपद कोणाकडे जाणार, हे बहुधा निवृत्तीच्या तारखाच ठरवतात. आधीचे प्रमुख नियत वयोमानानुसार निवृत्त होतात, सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्या खालोखाल ज्यांचे नाव असते त्यांच्या नावे प्राचार्यांच्या सहीचे पत्र निघते, आणि वर्षानुवर्षे वर्गात शिकवण्यात व प्रात्यक्षिके घेण्यात रमलेल्या शिक्षकाच्या हाती एके दिवशी भांडारगृहाच्या किल्ल्या, नोंदवह्यांचा गठ्ठा आणि वेळापत्रकाचा कच्चा खर्डा येतो. अनेक विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांत हे पद ठरावीक मुदतीने फिरते असते. तेथे निदान आपली पाळी केव्हा येणार याचा अंदाज आधीपासून असतो. संलग्न महाविद्यालयात मात्र पत्र हाती पडल्यावरच बहुतेकांची तयारी सुरू होते, आणि या पदासाठी वेगळे प्रशिक्षण द्यावे, असा विचार आपल्या उच्च शिक्षणाच्या व्यवस्थेत फारसा रुजलेला नाही.

हे पद नेमके काय आहे, हे समजून घेण्यासाठी ते काय नाही, हे आधी पाहावे लागते. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या शिक्षकांच्या श्रेणी आहेत व त्यांना स्वतंत्र वेतनस्तर आहेत. विभागप्रमुख ही श्रेणी नसून शिक्षकपद सांभाळून करावयाची जबाबदारी आहे. नेमणूक, वेतनवाढ, रजेची अंतिम मंजुरी आणि शिस्तभंगाची कारवाई हे सर्व अधिकार प्राचार्य व संस्थाचालक यांच्याकडे राहतात. विभागप्रमुख शिफारस करतात, अहवाल देतात आणि सही करतात. माध्यमिक शाळेत तर पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक आणि मुख्याध्यापक अशी चढण असल्याने विज्ञानापुरते स्वतंत्र प्रमुखपद सहसा दिसतच नाही. मुख्याध्यापक ज्याच्यावर सोपवतील तो विज्ञानशिक्षक प्रयोगशाळेचे पाहतो. अशा परिस्थितीत हे पद नाममात्र आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. कलाशाखेपुरता त्यात थोडाफार तथ्यांश असेलही, परंतु विज्ञान विभागाबाबत तो चुकीचा आहे. विज्ञान विभागाला प्रयोगशाळा असते, आणि तेथे कोणते साहित्य येईल, ते कसे ठेवले जाईल, विद्यार्थी त्याला प्रत्यक्ष हात लावतील की नाही आणि त्यांनी लिहिलेले निरीक्षण खरे असेल की नाही, हे प्राचार्यांच्या कार्यालयात ठरत नाही. ते विभागातच ठरते. नव्या प्रमुखाचे खरे अधिकारक्षेत्र हे आहे आणि बाकीची सर्व कागदपत्रे त्याच्या सेवेसाठी आहेत, ही दृष्टी पहिल्या महिन्यातच बाळगली नाही, तर पुढची सगळी वर्षे कागदपत्रांतच जातात.

कामाचा आरंभ पदभार घेण्यापासून होतो. महाविद्यालयीन बोलीत ज्याला ‘चार्ज घेणे’ म्हणतात, त्यात मुख्यतः तीन प्रकारच्या नोंदवह्या येतात. सूक्ष्मदर्शक, तराजू, वर्णपटमापक अशा टिकाऊ वस्तू ‘डेड स्टॉक रजिस्टर’मध्ये नोंदलेल्या असतात व तेथील क्रमांक त्या वस्तूवरही रंगवलेला असतो, रसायने, गाळणकागद, काचसामान अशा वापरून संपणाऱ्या वस्तूंची वही वेगळी असते, आणि विद्यार्थ्यांच्या हातून फुटलेल्या काचसामानाची नोंद ‘ब्रेकेज रजिस्टर’मध्ये होते. मावळत्या प्रमुखांविषयी आदर असल्याने पुष्कळ जण प्रत्यक्ष मोजणी न करताच वह्यांवर सही करतात, आणि नंतर लेखापरीक्षणाच्या वेळी नोंदीत असलेली पण कपाटात नसलेली वस्तू शोधत बसण्याची पाळी त्यांच्यावर येते. सही होण्यापूर्वी दोघांनी मिळून, प्रयोगशाळा सहायकाला सोबत घेऊन, एकेक कपाट उघडून पडताळणी करणे यात कोणाचाही अविश्वास नसतो. नादुरुस्त व कालबाह्य वस्तूंचे निर्लेखन, म्हणजे समितीच्या तपासणीनंतर व वरिष्ठांच्या मंजुरीने त्या वस्तू नोंदीतून कमी करणे, हीदेखील याच वेळी हाती घेण्याची गोष्ट आहे. ते वर्षानुवर्षे टाळले गेल्यामुळे कित्येक प्रयोगशाळांची अर्धी कपाटे बंद पडलेल्या उपकरणांनी अडलेली असतात. या मोजणीचा आणखी एक लाभ असा की, वापरात नसलेले पण चालू स्थितीतील एखादे उपकरण मागच्या फळीवर सापडते आणि नव्या खरेदीची मागणी करण्याची गरज उरत नाही.

रसायनशास्त्र विभागात पदभार घेणाऱ्यांनी सर्वाधिक वेळ जेथे द्यावा, ते ठिकाण म्हणजे रसायनांचे भांडारगृह. तेथील बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमाने मांडण्याची पद्धत आजही अनेक ठिकाणी दिसते, कारण त्यामुळे हवी ती बाटली चटकन सापडते. परंतु या क्रमात ॲसिटोन आणि अमोनियम नायट्रेट एकाच फळीवर येतात; त्यांपैकी पहिला चटकन पेट घेणारा द्रव आहे आणि दुसरा ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणारा क्षार. संहत नायट्रिक आम्ल आणि कोणताही सेंद्रिय द्रावक यांचा शेजारही असाच घातक ठरतो. म्हणून रसायने नावानुसार न ठेवता स्वभावानुसार ठेवावीत, हा भांडारगृहाचा पहिला नियम आहे : ज्वलनशील द्रव एका बाजूला, ऑक्सिडीकारके त्यांच्यापासून दूर, आम्ले आणि अल्कली वेगवेगळ्या ठिकाणी, आणि संहत आम्लांच्या जड बाटल्या डोळ्यांच्या उंचीखाली, शक्यतो जमिनीलगतच्या फळीवर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, म्हणजे बाटली कलंडली तरी आम्ल ट्रेमध्येच राहते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनियाचे द्रावण शेजारी ठेवले असेल, तर आसपासच्या सगळ्या बाटल्यांच्या काचेवर पांढरट साय धरलेली दिसते. दोन्हींच्या वाफा एकत्र येऊन तयार झालेला तो अमोनियम क्लोराइडचा थर असतो, आणि भांडारगृहात हवा खेळती नाही हे तो न बोलता सांगत असतो. जुन्या डायएथिल ईथरच्या बाटलीकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण हवेच्या संपर्काने ईथरमध्ये कालांतराने पेरॉक्साइडे तयार होतात व ती धक्क्याने किंवा उष्णतेने स्फोट पावू शकतात; उघडल्याची तारीख न लिहिलेली, झाकणाभोवती स्फटिक जमलेली अशी बाटली स्वतः उघडून पाहण्याचे धाडस कोणीही करू नये. सोडियमचे तुकडे रॉकेलमध्ये पूर्ण बुडालेले आहेत ना, हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही, पण ते पाहण्याचे काम नेमून दिलेले नसेल, तर ते कोणीच पाहत नाही.

प्रत्येक रसायनासोबत उत्पादकाकडून सुरक्षा माहितीपत्रक मिळू शकते. रसायनांच्या वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीनुसार त्याचे १६ विभाग असतात, आणि धोक्याचे स्वरूप, प्रथमोपचार, आग विझवण्याची योग्य रीत, सांडल्यास काय करावे व साठवण कशी करावी ही माहिती त्यांत ठरलेल्या क्रमाने येते. ही पत्रके कार्यालयातील फाइलमध्ये राहिली, तर त्यांचा उपयोग शून्य. ती प्रयोगशाळेत, हाताशी आणि शक्य तेथे मराठीत उतरवून ठेवलेली असावीत, कारण बाटली प्रत्यक्ष हाताळणारी व्यक्ती बहुतेक वेळा प्राध्यापक नसून प्रयोगशाळा परिचर असते. थर्मामीटर फुटून पारा सांडला, तर तो झाडूने लोटू नये आणि वरून गंधकाची पूड टाकावी, ही साधी गोष्टही ज्याने पारा गोळा करायचा त्यालाच कोणी सांगितलेली नसते.

इतर विषयांत धोक्याचे स्वरूप बदलते, पण जबाबदारी तीच राहते. प्राणिशास्त्रात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते थांबवण्याची भूमिका घेतली. त्यामुळे बेडकाच्या विच्छेदनावर उभा असलेला प्रात्यक्षिकांचा जुना क्रम मोडला आणि त्याच्या जागी काय आणायचे हा प्रश्न प्रत्येक विभागापुढे उभा राहिला. संगणकावरील प्रतिरूपे हे त्याचे एक उत्तर आहे. मात्र सूक्ष्मदर्शकाखालील जिवंत नमुने, गावातल्या तळ्यातील प्लवक, शेताच्या बांधावरील कीटकांची नोंद यांकडे वळलेला विभाग अधिक काही मिळवतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. याच विभागातील काचेच्या बरण्यांत नमुने टिकवण्यासाठी वापरले जाणारे फॉर्मलिन हे फॉर्माल्डिहाइडचे द्रावण असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या वर्गात टाकले आहे. त्या बरण्यांची खोली बंद ठेवून विद्यार्थ्यांना तासन्‌तास तेथे बसवण्याची प्रथा नव्या प्रमुखाने मोडली, तर त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही.

नव्या प्रमुखापुढील नाजूक भाग माणसांचा असतो. कालपर्यंत ज्यांच्यासोबत एकाच टेबलावर चहा घेतला, त्या सहकाऱ्यांना आज तासिका वाटून द्याव्या लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांचा १४ तास असतो. कागदावर हा हिशेब सोपा दिसतो; प्रत्यक्षात मात्र विभागातील काही जागा रिक्त असतात आणि त्यांचे काम तासिका तत्त्वावरील शिक्षक, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणारे शिक्षक, करत असतात. सकाळचा पहिला तास, शनिवारची दुपारची तुकडी आणि कोणालाच नको असलेला पेपर या शिक्षकांच्या वाट्याला टाकण्याचा मोह सोपा असतो, कारण ते तक्रार करू शकत नाहीत. विभाग न्यायाने चालतो की नाही, हे विद्यार्थ्यांना कळण्याच्या कितीतरी आधी वेळापत्रकावरून या शिक्षकांना कळते. आदल्या वर्षीचे वेळापत्रक समोर ठेवून, गैरसोयीचे तास सर्वांत आळीपाळीने फिरवण्याचा निर्णय नव्या प्रमुखाने पहिल्याच बैठकीत, सर्वांसमक्ष घेतला आणि फिरवण्याची सुरुवात स्वतःच्या तासांपासून केली, तर ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही आक्षेप घेणे अवघड होते.

प्रयोगशाळा सहायक आणि परिचर यांचे स्थान याहून महत्त्वाचे आहे. द्रावणे तयार करणे, उपकरणे मांडणे, तुकडी गेल्यावर काचसामान धुऊन जागेवर ठेवणे ही त्यांची कामे झाली नाहीत, तर कोणतेही प्रात्यक्षिक होऊ शकत नाही; तरीही विभागाच्या बैठकांना त्यांना बोलावण्याची रीत फार थोड्या महाविद्यालयांत आहे. कोणता बर्नर गळतो, कोणत्या तुकडीत फोडाफोड जास्त होते, कोणते रसायन गेल्या वर्षी जानेवारीतच संपले होते, याची माहिती वहीपेक्षा त्यांच्याकडे अधिक अचूक असते, आणि वार्षिक मागणीपत्र त्यांच्याशी बोलून तयार केले, तर तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता करण्याची पुढची सारी खटपट योग्य वस्तूंसाठी होते.

आता प्रात्यक्षिकाच्या गाभ्याकडे वळावे. आकारमापन, म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणाच्या साह्याने अज्ञात द्रावणाची तीव्रता काढणे, हा अकरावी-बारावीपासून पदवीपर्यंत होणारा प्रयोग आहे. त्यात ब्युरेटमधून थेंबाथेंबाने द्रावण सोडून रंग बदलतो तो क्षण पकडायचा असतो. आधी अंदाजासाठी एक ‘पायलट रीडिंग’ घ्यायचे, मग तीन वेळा काळजीपूर्वक वाचन करायचे, आणि त्यांतून जे स्थिर वाचन मिळते त्याला विद्यार्थी ‘सीबीआर’ म्हणतात. नेहमीच्या ५० मिलिलिटरच्या ब्युरेटवर सर्वांत लहान भाग ०.१ मिलिलिटरचा असतो. साहजिकच नवशिक्या हाताने घेतलेल्या तीन वाचनांत थोडाबहुत फरक पडतो. प्रत्यक्षात मात्र जर्नलामागून जर्नल उघडावे आणि तिन्ही रकान्यांत १०.२, १०.२, १०.२ असेच आकडे दिसावेत, अशी स्थिती सर्रास आढळते. पहिल्या विद्यार्थ्याचे वाचन शेवटच्या बाकापर्यंत पोचलेले असते, किंवा मागच्या वर्षीच्या जर्नलातून ते आलेले असते. यात विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे, परंतु गुण ‘बरोबर’ उत्तराला मिळतात आणि सर्व तुकडीला एकाच बाटलीतले द्रावण मिळते, हे त्यांनी अचूक ओळखलेले असते. खोटे निरीक्षण लिहिण्याची सवय येथे लागते, आणि विज्ञानाच्या पदवीधराच्या बाबतीत याहून मोठे नुकसान कल्पिणे कठीण आहे.

हे बदलणे विभागप्रमुखाच्या पूर्णपणे हातात आहे आणि त्यासाठी नव्या निधीची गरज पडत नाही. एकाच तुकडीत थोड्या वेगळ्या तीव्रतेची चार-पाच अज्ञात द्रावणे क्रमांक घालून द्यावीत व कोणत्या क्रमांकात काय आहे याची यादी सहायकाजवळ ठेवावी. वाचने त्या दिवशी, त्या ठिकाणी, शाईने लिहून शिक्षकाची सही घेतल्याशिवाय विद्यार्थ्याने प्रयोगशाळा सोडू नये. चुकलेले वाचन खोडून टाकण्याऐवजी त्यावर एकच रेघ मारून शेजारी कारण लिहावे. आणि अंतर्गत मूल्यमापनातील काही गुण उत्तराच्या जवळिकीला न देता नोंदीच्या प्रामाणिकपणाला व चुकीच्या कारणमीमांसेला द्यावेत. विभागातील सर्व शिक्षकांनी हे एकसारखे पाळले, तरच त्याचा उपयोग होतो. एक शिक्षक काटेकोर आणि दुसरा ढिला असेल, तर विद्यार्थी काटेकोर शिक्षकाला त्रासदायक ठरवतात. वर्गातल्या शिक्षकाला एकट्याने जे साधत नाही, ते प्रमुखाला साधते, ते या ठिकाणी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाल्याने आजच्या नव्या प्रमुखावर आणखी एक ओझे आले आहे. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम विषय, शिवाय खुले वैकल्पिक अभ्यासक्रम, कौशल्याधारित अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कार्यस्थळावरील प्रशिक्षण अशी श्रेयांकांची विभागणी झाली आहे. श्रेयांक हे अभ्यासाला द्यावयाच्या वेळेचे माप आहे : एका श्रेयांकासाठी सत्रात व्याख्यानांचे १५ तास धरले जातात, तर प्रात्यक्षिकांचे ३०. म्हणजे दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक कागदावर आले की प्रयोगशाळा ६० तास मोकळी हवी, आणि तुकड्या तीन असतील तर १८०. दुय्यम विषय म्हणून रसायनशास्त्र निवडणाऱ्या अन्य विभागांच्या विद्यार्थ्यांना या गणितात बसवताना प्रयोग आटोपशीर करण्याचा, प्रसंगी तो शिक्षकाने करून दाखवण्यावर भागवण्याचा दबाव येतो. त्या दबावाला कोठे नमायचे आणि कोठे नाही, हा निर्णय विभागप्रमुखाचा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांत विभागप्रमुखांचे निवडून आलेले प्रतिनिधीही असतात. प्रयोगशाळेतील अडचणी तेथे मांडण्याची वाट त्यामुळे उपलब्ध आहे, मात्र तिचा वापर निवडणुकीच्या दिवसापुरता राहतो, ही खेदाची गोष्ट आहे. मूल्यांकन परिषदेसाठी भरावयाची माहिती, वार्षिक अहवाल व छायाचित्रांच्या फायली यांबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. नोंदवह्या वर्षभर खऱ्या ठेवल्या, तर त्यातील बराचसा भाग आयताच तयार होतो.

चालत आलेला विभाग हाती घेणे आणि नवा विभाग उभा करणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्या प्रकारचे एक ठळक उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी तो आग्रहाने व अटी सोसून मिळवला, पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली आणि भारतात परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद स्वीकारले. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील कामानंतर त्या मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. जीवरसायनशास्त्र हा विषयच तेव्हा आपल्याकडे नवा होता. पाश्चात्त्य प्रयोगशाळांतील प्रश्न जसेच्या तसे उचलून विद्यार्थ्यांना देणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र नीरा, कडधान्ये आणि डाळी यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास हाती घेतला, म्हणजे गरीब घरांच्या ताटात जे असते किंवा येऊ शकते त्याचा. नीरेवरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, आणि पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांच्या वाट्याला आलेला विरोध आणि संचालकपदासाठी सोसावा लागलेला विलंब हा स्वतंत्र विषय आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, विभागाने कोणत्या प्रश्नांवर काम करावे, याची निवड त्यांनी आसपासचे जीवन पाहून केली.

आजच्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयालाही, साधने अत्यंत मर्यादित असली तरी, हा मार्ग खुला आहे. विहिरीच्या पाण्याची कठीणता, शेतजमिनीचा सामू, गावच्या दुधातील भेसळीची साधी चाचणी, गुऱ्हाळातील गुळाचा रंग उजळवणाऱ्या रसायनांचा शोध, हे सर्व पदवीच्या पातळीवरील उपकरणांनी करता येण्यासारखे आहे, आणि नव्या धोरणातील क्षेत्रीय प्रकल्पांच्या श्रेयांकांत ते नियमाने बसवताही येते. विद्यार्थ्याने आपल्याच घरचे पाणी आणलेले असेल, तर त्याचे वाचन शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेण्यात काही अर्थ उरत नाही, आणि १०.२ चा प्रश्न तेथे आपोआप मावळतो.

यासाठी प्रमुखाला वेळ हवा, आणि तो देणे ही संस्थेची बाजू आहे. विभागाचे सगळे काम पूर्ण अध्यापनभार सांभाळून, तासांच्या मधल्या फटीत उरकावे ही अपेक्षा अवास्तव आहे. आठवड्यातील किमान एक दुपार भांडारगृह, नोंदवह्या आणि सहकाऱ्यांशी बोलणे यांसाठी राखून ठेवण्याची मुभा प्राचार्य आपल्या पातळीवर देऊ शकतात. निवृत्तीची तारीख कित्येक वर्षे आधी माहीत असते, त्यामुळे शेवटचे एक सत्र मावळते आणि येणारे प्रमुख यांनी एकत्र काम करणे, म्हणजे मागणीपत्र, वेळापत्रक आणि विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेची मांडणी नव्या प्रमुखाने जुन्यांच्या देखरेखीखाली एकदा करून पाहणे, याला कोणताही नियम आड येत नाही. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून घाईने होणारी खरेदी, जूनमध्ये ऐन प्रवेशाच्या गर्दीत हाती येणारे वेळापत्रक आणि ऑक्टोबरमधील परीक्षेच्या आदल्या दिवशी लक्षात येणारी सिल्व्हर नायट्रेटची टंचाई, या तिन्ही अडचणी त्या एका सत्रात बऱ्याच अंशी टळतात.